शालनची भागीरथीआत्या

पल्लवीने मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "वाचा."

मी म्हटलं, "चष्मा आत आहे. आणि हात कालवणाचा आहे."

"मग मी वाचते." ती उभ्यानेच वाचायला लागली. "'भागीरथीआत्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, पोर पोटातून गेलं तर दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी लिपस्टिक लावून हापिसात. गायसुद्धा वासरू गेलं की आठ दिवस हंबरते.'"

माझा मुलगा महेश बांगड्याचा काटा काढत होता. तो काढतच राहिला.

"आई, हे तुमचं वाक्य आहे ना?" पल्लवीने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण त्या वेळी सुचलं नाही. "हो," मी म्हटलं.

"कोणाला सांगितलंत?"

"शालनसमोर बोलले. ही गोष्ट तीच लिहिते. आमच्या केंद्रात तव्यावर असते ती."

पल्लवी माझी सून. तिचं तीन महिन्यांचं पोटातलं गेलं त्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते. ते आम्हा तिघांना आणि मुलुंडला तिच्या आईला, एवढ्यांनाच माहीत होतं. हापिसात तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आणि ही गोष्ट, टीव्हीवरच्या मालिकेवरून कोणीतरी लिहिलेली, ती गेले सात-आठ महिने रोज वाचत होती. वाचून हसायची. मलाही वाचून दाखवायची.

"म्हणजे मी तुम्हाला वाचून दाखवत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं हे कोण लिहितं ते?"

त्यालाही हो म्हणावं लागलं.

ती आत गेली, बॅग भरली. दारात चपला घालताना महेशला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "मी मुलुंडला जातेय. परत येईन ती वेगळ्या घरात. ह्या घरात नाही. तू काय ते ठरव." महेशने तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलं. ते जेवण कोणी जेवलं नाही.

आता शालनबद्दल सांगते. तिचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको.

बोरिवली पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. बोर्डावर पोळी लिहिलंय, आम्ही सगळ्या चपातीच म्हणतो. मालकीण वर्षावहिनी. भाजी, उसळ, भात तिच्याकडे. मी लाटायला, शालन भाजायला. सकाळी सहाला सुरू, दुपारी एकला परात धुवून मोकळ्या. अकरा वर्षं मी लाटलेली प्रत्येक चपाती शालनच्या हाताखालून गेली. मी एका आकाराच्या, एका जाडीच्या लाटते. आजपर्यंत कोणी एकदाही म्हटलं नाही की इंदू, काय छान लाटलीस. फुगली की म्हणायचे, शालनमावशी, काय फुगली हो. फुगते ती लाटण्याने. पण ते जाऊ दे.

शालन बुटकी, अंगाने जाड. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे काळा दोरा. ती वेंगुर्ल्याकडची, मी रत्नागिरीची. उलथनं वापरायची नाही, बोटांनी उलटायची. बोटांची टोकं भाजून भाजून कडक झाली होती. आणि तोंड बंद ठेवायची नाही. काय बोलायची, तर आदल्या संध्याकाळची साडेसातची मालिका.

त्या मालिकेत मृगा नावाची सून, तिचा नवरा, एक दीर सुहास आणि नवऱ्याची आत्या भागीरथी. आत्या सगळ्यांना छळते. सगळ्या मालिकांत असतं तेच. मी आवाज मोठा करून बघायची, कोण काय म्हणालं ते मला शब्दन् शब्द पाठ असायचं. शालन मात्र आवाज बंद करून बघायची. तिचा नवरा रात्रपाळीचा वॉचमन. आठला उठून ड्यूटीवर जायचा, तोपर्यंत त्याची झोप मोडायची नाही. एका खोलीचं घर. म्हणून कित्येक वर्षं तिने मालिका नुसती बघितली, ऐकली कधीच नाही.

आणि तरी सकाळी गोष्ट सांगायची ती, मी नाही.

"काल आत्याने डब्याचं झाकण कसं लावलं बघितलंस?" ती सुरू करायची. "असं. दाबून. वर हात ठेवून. ही बाई सगळंच बंद करते गो. डबा बंद, खिडकी बंद, नळ बंद. कोण हसत असेल तर तिथे जाऊन उभी राहते, हसणंपण बंद. लहानपणी हिला कोणीतरी कोंडून ठेवलेली असणार."

मी म्हणायची, "असं काही नाहीये त्यात. ती फक्त म्हणाली, रव्यात किडे होतील."

"तोंडाने म्हणाली. तू हात बघ ना."

झाकण त्या मालिकेत एकदाच लागलं. शालनच्या गोष्टीत ते रोज लागायला लागलं. आठवडाभरात केंद्रावर येणारी गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आज आत्याने काय बंद केलं? मी खरी मालिका सांगायला गेले की म्हणायचे, थांबा हो मावशी, ह्यांना बोलू द्या. माझ्याकडे खरं होतं, तिच्याकडे माणसं होती.

सुहासचं तर तिने सोनं केलं. मालिकेत तो बिचारा मागे चहाचा कप घेऊन उभा असतो. महिन्यातून दोन वाक्यं. शालन म्हणाली, "तो कप रिकामा आहे."

"टीव्हीतले सगळे कप रिकामेच असतात," वर्षावहिनी म्हणाली.

"ते मला म्हायत आहे. पण मग रिकाम्या कपातून माणूस पितो कशाला? तोंड कामात राहावं म्हणून. कोणी विचारलं तर उत्तर द्यायला लागू नये म्हणून. ह्याला सगळं कळतं घरातलं. ह्याच्या मनात मृगाबद्दल दया आहे आणि आत्याची भीती आहे, म्हणून हा आयुष्यभर चहा पितो."

भेंडी चिरता चिरता वर्षावहिनी थांबली. बाहेर दोन बायका डबे हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मी पण थांबले, पण मी लाटणं हातात धरून ठेवलं, कोणाला कळू दिलं नाही. त्या दिवसापासून मीसुद्धा सुहास दिसला की त्याच्या कपाकडे बघायला लागले. मला ते आवडलं नाही. माझी मालिका होती, तिने माझ्या डोळ्यांदेखत बदलली.

ती हे खऱ्या माणसांनाही करायची. चौथ्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ रोज चार चपात्या न्यायचे. एकदा काउंटरवरच त्यांनी एक चपाती अर्धी केली आणि अर्धी वेगळ्या कागदात गुंडाळली. झालं. शालनने ठरवलं, बायको वारलीय, तिचं अर्धं पान अजून वाढतात. चार दिवसांत सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलं. लोक त्यांना रांगेत पुढे सोडायला लागले. वर्षावहिनीने रविवारचा शिरा वाटीभर जास्त दिला. तेही घेत राहिले, माणूस शिऱ्याला नाही कशाला म्हणेल? मग एक दिवस नऊवारी नेसलेली उंच बाई काउंटरवर येऊन उभी राहिली.

"मी मेले असं कोण म्हणतंय इथे?"

दहिसरला भावाकडे महिनाभर राहायला गेली होती. अर्धी चपाती मांजराची होती.

मला आनंद झाला होता, लपवत नाही. म्हटलं, आता हिचं तोंड कसं होतं बघू. शालनने तवा पुसला आणि म्हणाली, "बरं झालं बाई आलात. पण खरं सांगू? गोष्टीत तुमच्यावर त्यांचा जीव जास्त होता." ती बाई आधी रागाने लाल झाली आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. पुढे तीच रोज चपात्या न्यायला यायची. नवऱ्याला पाठवायची नाही.

असं माझ्या बाबतीत कधी घडलं नाही. मी खरं बोलले की माणसं जायची, ती खोटं बोलली की यायची.

आता ते मोबाइलचं. वर्षावहिनीचे हात सदा पिठात नाही तर मसाल्यात, म्हणून ती गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मेनू बोलून टाकायची. मोबाइल मिठाच्या बरणीवर उभा करायचा आणि बोलायचं, "आज फ्लॉवर बटाटा, मुगाची उसळ, कोशिंबीर," की तो आपोआप लिहितो. एकदा तिला तो बंद करायचं सुचलं नाही. दुपारी बघते तर मेनूच्या खाली शालनचं सगळं बोलणं उतरलेलं. लांबच लांब, मध्ये कुठे टिंब नाही. वहिनीने हसत हसत टिंबं दिली आणि ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत खाली लाल बदामांची रांग लागली. लोक म्हणाले, मेनू नाही टाकलात तरी चालेल, हे रोज टाका.

मग रोज मोबाइल बरणीवर. शालन भाजता भाजता बोलायची, तो लिहायचा, वहिनी दुपारी नीट करून टाकायची. आता मालिकेत होतं ते नाहीच, शालन स्वतःचंच पुढे रचायला लागली. मृगा माहेरी गेली की तिथली विहीर, सुहासने एकदा कप खाली ठेवला तो दिवस, आत्याचं लहानपण. लोक ते पुढे पाठवायचे. मालिका बघणाऱ्यांचे कुठले कुठले ग्रुप असतात म्हणे, तिथे जायला लागलं. कोणाचं नाव नसायचं त्याच्यावर. शालनला त्याचं काही नव्हतं. मी चौथी शिकलेली, ती दुसरीतून सुटलेली. तिला जोडाक्षरं येत नव्हती. आणि सगळी मुंबई तिचं लिहिलेलं वाचत होती.

मोबाइलला मात्र कोण बोलतंय ते कळत नाही. तव्याजवळ जे कोणी बोलेल ते तो लिहितो. एक दिवस एक गिऱ्हाईक म्हणालं, चपाती जाड आहे. मी म्हटलं, "जाड आहे तर दोन्ही दाढांनी खा." दुसऱ्या दिवशी हे वाक्य गोष्टीत आत्याच्या तोंडी. वर्षावहिनीला वाटलं, एवढं तिखट आहे म्हणजे आत्याचंच असणार. मी भांडायला लागले तर शालन म्हणाली, "राहू दे गो. काय फिट्ट बसलंय. मला नसतं सुचलं."

मला नसतं सुचलं, असं ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी पल्लवी हापिसातून आली. तिचं हापीस अंधेरीला. आमच्यात बोलणं कामापुरतं असायचं. भांडण नव्हतं, पण हसणंही नव्हतं. त्या दिवशी ती ओट्याशी आली, "आई, ऐका ना, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक गोष्ट येते, मी दोन महिने वाचतेय, काय लिहितात हो! आत्या म्हणते, जाड आहे तर दोन्ही दाढांनी खा!" आणि हसता हसता ओटा धरून वाकली.

मी म्हणू शकले असते, अगं ते मी बोलले. पण ते सांगायचं तर शालनचं नाव सांगावं लागलं असतं. मग पल्लवी म्हणाली असती, अय्या, त्या लिहितात? मला भेटायचंय त्यांना. केंद्रावर सगळे तिचे, ग्रुपवर सगळे तिचे. घरात तरी ती नको, असं मला वाटलं. म्हणून मी म्हटलं, "हं. काय काय लिहितात लोक."

आणि दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलसाठी बोलायला लागले.

हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मी लाटताना वाक्यं जुळवून ठेवायची आणि शालन श्वास घ्यायला थांबली की टाकायची. वर्षावहिनीने योगाचा क्लास लावला तेव्हा म्हटलं, "श्वास घ्यायला क्लास कशाला? जन्मल्यापासून घेतेच आहेस." तेही गेलं. रात्रीच्या जेवणाला पल्लवीने ते वाचून दाखवलं आणि तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. मला बरं वाटलं. पुढे पुढे मी होते त्यापेक्षा जास्त तिरसट बोलायला लागले. गिऱ्हाईक बरं बोललं तरी मी वाकडं उत्तर द्यायची. शालनने आत्याचं एक झाकण धरून ताणलं होतं. माझं मीच ताणलं.

मग मालिकेत मृगा जिन्यावरून पडली आणि तिचं बाळ गेलं. आमच्याकडे दीड महिना आधी तेच झालं होतं, जिन्याशिवाय. मालिकेतली मृगा तिसऱ्या दिवशी ओठ रंगवून हापिसात. मालिकांतल्या बायका कधी ओठ न रंगवता दिसतच नाहीत. केंद्रावर बायका तेच बोलत होत्या. मी गोळा पोळपाटावर ठेवला आणि ते गायीचं वाक्य बोलले. सगळ्यांना वाटलं मी मृगाला बोलतेय. शालन म्हणाली, "देवा! इंदू, काय बोललीस!" आणि बरणीकडे बघितलं, लिहिलं की नाही ते.

मला माहीत होतं मी कोणाला बोलतेय. आणि दोन दिवस नव्हतेच. दोन म्हटलं की वाक्य चांगलं बसतं, म्हणून दोन म्हटलं.

पल्लवी मुलुंडला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी केंद्रावर गेले ती भांडायच्या तयारीने. पदर खोचला, लाटणं बाजूला ठेवलं आणि शालनला सगळं सांगितलं. पल्लवीचं, तिच्या पोटातलं, रविवारचं.

शालनने गॅस बंद केला. तवा तापलेला असताना तिने गॅस बंद केलेला मी तेव्हाच बघितला. "मला वाटलं तू आत्या होऊन बोलतेस," ती म्हणाली. "किती महिने तू तसंच बोलतेस. मला वाटलं, माझ्याबरोबर तू पण गोष्ट सांगतेस. मला बरं वाटायचं गो."

भांडायला तिने जागाच ठेवली नाही. मी लाटायला बसले.

बुधवारी सकाळी आठ-सव्वाआठला पल्लवी शटरपाशी येऊन उभी राहिली. मुलुंडहून अंधेरीला जायचं तर बोरिवली वाटेत नाही, म्हणजे मुद्दाम आली होती. माझ्याकडे बघितलं नाही. "शालनमावशी कोण?"

"मी," शालन म्हणाली. "तू पल्लवी ना? आत ये, इथे वाफ लागते."

"इथेच बरी आहे. मला एकच विचारायचंय. मृगाने लिपस्टिक का लावली, तुम्हाला माहीत आहे?"

मला वाटलं आता ही रचून सांगणार. रिकामा कप, झाकण, असलं काहीतरी. शालन म्हणाली, "नाही गो. आवाज बंद होता. तू सांग."

आणि पल्लवीने सांगितलं. हापिसात कोणाला दिवस गेल्याचंच सांगितलं नव्हतं, तर गेलं म्हणून रजा कशी मागायची? रिकाम्या चेहऱ्याने गेली असती तर कोणीतरी विचारलंच असतं, काय गं, बरं नाही का? आणि असं कोणी प्रेमाने विचारलं असतं तर ती तिथेच लिफ्टमध्ये खाली बसली असती. लिपस्टिक लावली की कोणी विचारत नाही. आणि घरी आल्यावर पुसली तरी घरात कोणी विचारलं नाही. "माझ्या सासूने सहा आठवड्यांत एकदा विचारलं नाही, मावशी. चहा दिला. रोज दिला. विचारलं नाही."

मी तिच्यापासून चार हातांवर होते. पाठ तिच्याकडे. हात थांबवले नाहीत. माझ्या घरात राहून जे ती बोलली नाही ते शटरपाशी उभी राहून पाच मिनिटांत एका परक्या बाईला बोलली. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. शालनने काय केलं होतं असं? नुसतं नाही म्हटलं होतं. मला माहीत नाही, तू सांग. एवढंच. ते मला का नाही आलं?

पल्लवी गेली. शालनने बरणीकडे बोट केलं. मोबाइल चालूच होता. सगळं उतरलं होतं.

वर्षावहिनी म्हणाली, "हे नको हं टाकायला."

"पुसून टाक," शालन म्हणाली. "हे तिचं आहे." वहिनीने पुसलं आणि मोबाइल परत बरणीवर ठेवला. मग शालनने गॅस पेटवला, एक चपाती टाकली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "इंदू. सुनेने आत्याला असं सगळं सांगितलं समज. आत्या काय म्हणते?"

पाच-सहा महिने वाक्यं तयार असायची, आता एकही नव्हतं. सात-आठ चपात्या झाल्या. ती थांबली. शालन गप्प राहू शकते हे मला तेव्हा कळलं.

"चार दिवस," मी म्हटलं. "दोन नाही, चार. आणि हापिसात जायला लागल्यावरही. संध्याकाळी आली की न्हाणीघरात नळ सोडायची, बादली भरून वाहायची तरी बंद करायची नाही. पाण्याखाली आवाज लपतो असं तिला वाटायचं. लपत नाही. आत्या बाहेर उभी असायची."

"मग?"

"मग काय? दार वाजवलं नाही. चहा टाकायला गेली."

"का नाही वाजवलं?"

"माहीत नाही. तिचं स्वतःचं एक गेलं होतं, महेशच्या आधी. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. विचारतात कसं ते तिने कधी बघितलंच नाही."

मी महेश म्हणाले. वर्षावहिनीने दुपारी तिथे सुहास केलं, म्हणजे गोष्टीत बसेल.

गुरुवारी तो भाग ग्रुपवर गेला. इतक्या महिन्यांत त्याला सगळ्यांत कमी बदाम पडले. लोक चिडले. आमची आत्या अशी नाहीच, तुम्ही बिघडवलीत, ती रडकी झाली, तिला परत आणा. एका बाईने लिहिलं, ज्याने भागीरथीआत्या नीट बघितली आहे तो असं लिहूच शकत नाही. मी ते दोनदा वाचलं. शालन हसत सुटली. "लोकांना एवढीशीच आत्या पाहिजे, झाकणाएवढी," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने आत्याला पुन्हा होती तशी केली, झाकण आणि खिडक्या आणि सगळं. बदाम परत आले.

शनिवारी संध्याकाळी पल्लवी बॅग घेऊन आली. महेशने बॅग घेतली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"नळ सोडला तरी बाहेर ऐकू येत होतं?"

"हो."

"मग दार वाजवायचं ना."

"वाजवून काय बोलले असते?"

"काही बोलायचं नव्हतं, आई. नुसतं वाजवायचं."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी वाजवेन." तिने माझ्याकडे बघितलं. पुढच्या वेळी म्हणजे काय, हे माझ्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. ती म्हणाली, "तुम्ही ना, खरंच," आणि चपला काढल्या. वेगळ्या घराचं त्यानंतर निघालं नाही. ती मला माफ करते असं कधी म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. पण त्यानंतर संध्याकाळी मी चहा देताना विचारायची, आज काय झालं? पहिले काही दिवस ती म्हणायची, काही नाही. मग सांगायला लागली.

शालनकडे मात्र ती दर रविवारी जायची. शालनमावशी असं म्हणतात, शालनमावशी तसं म्हणतात. दोघी आवाज बंद करून मालिका बघायच्या आणि हसायच्या. मी एकदा गेले होते. अर्ध्या तासात उठून आले. मला आवाजाशिवाय काही दिसत नाही.

शालनच्या नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा चेंबूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने दोघांना तिकडे बोलावलं. शेवटच्या दिवशीही तिने एकपर्यंत चपात्या भाजल्या. पल्लवीने अर्धी रजा टाकली होती. रडली. माझ्या जाण्याने ती इतकी रडेल असं वाटत नाही. शालन जाताना मला म्हणाली, "आता तू सांग गोष्ट." मी तीन दिवस सांगितली. मालिकेत झालं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. चौथ्या दिवशी वर्षावहिनीने नुसता मेनू टाकला आणि कोणी तक्रार केली नाही.

तिला शेवटचं बघितलं ते रिक्षात. पायाशी दोन पिशव्या, शेजारी नवरा मान खाली घालून डुलकी घेत होता. रिक्षा नाक्याच्या सिग्नलला अडकली. आम्ही केंद्राच्या पायरीवरून बघत होतो. शालन पुढे वाकली होती, तिचा हात चालला होता, रिक्षावाला पूर्ण मागे वळून ऐकत होता. सिग्नल सुटला तरी त्याला कळलं नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. मला वाटलं, त्याच रिक्षात मी बसले असते तर ह्याने आरशातसुद्धा बघितलं नसतं. मग तो दचकून पुढे वळला आणि रिक्षा गेली.

चार महिन्यांनी शालन चेंबूरलाच वारली. झोपेत. मी आणि पल्लवी जाऊन आलो.

पल्लवी बोरिवलीलाच राहते, महेशबरोबर, माझ्या घरात. मी अजून लाटते.